मुख्य दिवस सोडा, आदल्या रात्री जा: मुंबई-ठाण्याचे सण लोकलने कसे बघायचे

आमच्याकडे ऑगस्ट उजाडला की कोणीतरी विचारतंच, यंदा गणपती बघायला कधी जायचं, आणि दरवर्षी ठरतो रविवार, कारण सगळ्यांना सुट्टी. अख्ख्या मुंबईला पण त्याच दिवशी सुट्टी असते हे मात्र रांगेत उभं राहिल्यावर आठवतं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मंडळाच्या रांगेत आम्ही सासूबाई आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आठ तास उभे होतो, समोर पोचलो तर "चला पुढे चला पुढे" करत दोन सेकंदात बाहेर, सासूबाईंची एक चप्पल गेली ती गेलीच. रात्री दीडला स्टेशनकडे चालत येताना मुलगा खांद्यावर झोपलेला, त्याला ना गणपती आठवतो ना आरास, फक्त पाय दुखले ते आठवतं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी काय केलं, गणपती बसायच्या आठ दिवस आधी संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर एकटीच परळ-चिंचपोकळीच्या कारखान्यांकडे गेले. ताडपत्रीच्या मंडपात वीस फुटी मूर्ती, परांचीवर चढलेला माणूस हातात बारीक ब्रश घेऊन डोळ्यांची आखणी करतोय, खाली सगळे चिडीचूप. अर्धा तास बघत होते, कोणी ढकललं नाही, कोणी हाकललं नाही. तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि हा सगळा लेख त्याच एका नियमाचा आहे: सण बघायचा असेल तर मुख्य दिवस सोडायचा, आदल्या दिवशी, आदल्या रात्री नाहीतर चक्क आदल्या महिन्यात जायचं.

आता यासाठी पहिलं काम म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर नीट बघणं, कारण या शहरात एकाच वेळी तीन कॅलेंडरं चालू असतात आणि लोक तिथेच गंडतात. गणपती, नवरात्र, दिवाळी, गुढीपाडवा हे पंचांगाच्या तिथीवर, ते दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना आला की परत उडी मारून पुढे जातात. म्हणून २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे थेट १४ सप्टेंबरला. रमजान हिजरी महिन्यावर, तिथे अधिक महिना नाही त्यामुळे तो दरवर्षी अलीकडेच सरकत राहतो, २०२६ ला तर पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात. आणि ख्रिसमस, वांद्र्याची जत्रा, फोर्टातला काळा घोडा कला महोत्सव हे इंग्रजी तारखांवर. हे तीन एकमेकांवर कधी आदळतात ते बघून ठेवा. उदाहरणार्थ वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चची जत्रा ८ सप्टेंबरच्या नंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते, २०२६ ला तो रविवार १३ तारखेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी गणपती. त्या आठवड्यात वांद्र्याला जायचं असेल तर संध्याकाळी ट्रॅफिक आणि लोकल दोन्हीकडून मार खाणार हे धरूनच चाला.

दुसरं काम लोकलचं. रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार, तो शनिवारीच तपासायचा. मोठ्या सणाला कधीकधी ब्लॉक रद्द करतात पण त्या भरवशावर राहू नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री आणि ३१ डिसेंबरला जादा लोकल सोडतात, त्यांचं वेळापत्रक दोन-चार दिवस आधी जाहीर होतं, स्क्रीनशॉट काढून ठेवायचा कारण गर्दीत नेटवर्क बसतं. तिकीट जातानाच रिटर्न काढायचं, रात्री खिडकीवरची रांग बघून रडू येतं. आणि स्टेशन निवडताना जवळचं न निवडता सुटसुटीत निवडा: लालबागला करी रोड जवळ वाटतं पण गर्दीच्या रात्री त्या पुलावर अडकण्यापेक्षा चिंचपोकळीला उतरा नाहीतर भायखळ्याहून वीस-पंचवीस मिनिटं चाला. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली, तिने गिरगाव आणि फोर्ट एकदम सोपं केलंय, गिरगाव नावाचंच स्टेशन आहे, काळा घोड्याला हुतात्मा चौक. आम्हा डोंबिवलीकरांना तिचा तसा उपयोग नाही पण वेस्टर्नवाल्यांनी जरूर वापरावी.

आता गणपतीच आधी, कारण सगळे तेच विचारतात.

कारखाने बघायचे तर चतुर्थीच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, वर्किंग डेला, संध्याकाळी. आत शिरताना विचारायचं, "दादा बघू का जरा?" एवढं पुरतं. फ्लॅश मारायचा नाही, मूर्तीला हात लावायचा नाही, आणि बऱ्याच मंडळांना चेहरा आधी बाहेर यायला नको असतो त्यामुळे झाकलेल्या मूर्तीचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका, तेवढं पाळा. छोट्या मूर्तींचं काम बघायचं असेल तर एक रविवार काढून पेणला जा, पेण शहर आणि हमरापूर-जोहे भागात घराघरात कारखाने आहेत, तिथे काम वर्षभर चालतं, जून-जुलैत तर ओटीवरसुद्धा मूर्ती वाळत असतात.

आगमनाच्या मिरवणुकांबद्दल थोडं वेगळं सांगते. पूर्वी मूर्ती कारखान्यातून मंडपात गुपचूप जायची, आता आगमन सोहळा म्हणजे विसर्जनाइतकीच गर्दी, चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला तर रस्ता दिसत नाही. म्हणजे माझा आदल्या दिवसाचा नियम इथे फेल. मोठं आगमन सोडा, त्याच शनिवार-रविवारी रात्री लहान मंडळांचे गणपती निघतात, ढोल-ताशा तोच, मूर्ती दहा फुटांवरून बघता येते.

प्रत्यक्ष दहा दिवसांत जायचं असेल तर पहिले दोन दिवस पकडा. लोक घरच्या गणपतीत, दीड दिवसाच्या विसर्जनात अडकलेले असतात. त्यातही पहाटे तीन ते सहा. रात्री लाउडस्पीकर बंद होतो पण मोठ्या मंडळांचं दर्शन चालूच असतं आणि बेस्टच्या जादा बस पण रात्रभर धावतात, त्यामुळे शेवटच्या लोकलने जाऊन पहिल्या लोकलने परत यायचं हा जुना मुंबईकर फॉर्म्युला अजूनही चालतो. लालबागच्या राजाला दोन रांगा असतात, नवसाची आणि मुखदर्शनाची. नवस नसेल तर मुखदर्शनाच्याच रांगेत उभं राहा, चुकून दुसऱ्या रांगेत शिरलात तर तो दिवस गेला. आणि खरं सांगू, लालबागचा राजा १९३४ चा, पण त्याच्या पलीकडे गणेश गल्लीचा १९२८ चा आणि चिंतामणी १९२० चा, हे दोन्ही चालत होतात, एका फेरीत तिन्ही करायचा हट्ट धरू नका, गणेश गल्लीपासून सुरू करून जेवढं जमेल तेवढं.

ज्यांना गर्दी अजिबातच नकोय त्यांनी गिरगावात केशवजी नाईक चाळीत जावं. १८९३ पासूनचा गणपती, मुंबईतला पहिला सार्वजनिक, मूर्ती अजूनही छोटीच, चाळीच्या अंगणात चपला काढून निवांत बसता येतं. तिथून चालत खेतवाडीच्या गल्ल्या, प्रत्येक गल्लीत वेगळा गणपती. किंग्ज सर्कलचा जीएसबीचा, म्हणजे गौड सारस्वत ब्राह्मण मंडळाचा, सोन्याने मढलेला गणपती बघायचा असेल तर लक्षात ठेवा तो पाचच दिवस असतो, दरवर्षी कोणीतरी सहाव्या दिवशी जाऊन रिकामा मंडप बघून येतं. आणि सगळं हुकलं तर? अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशीला जातच नाही, त्याचं विसर्जन संकष्टीला, चार-पाच दिवसांनी. आझाद नगर मेट्रो स्टेशनवरून चालत. विसरलेल्यांसाठी देवाने ठेवलेली सोय म्हणायची.

विसर्जन बघायला गिरगाव चौपाटीवर जाणार असाल तर पाण्यात उतरू नका. हे उगाच सांगत नाही, त्या दिवसांत किनाऱ्याजवळ पाकट (शेपटीत विषारी काटा असलेले मासे) येतात, २०१३ ला चौपाटीवर बऱ्याच जणांना त्यांचा डंख बसला होता. भरती-ओहोटीची वेळ पण बघा. मोठ्या मूर्तींचं विसर्जन त्यावरच अवलंबून असतं, २०२५ ला लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे रखडून दुसऱ्या दिवशी रात्री झालं, तोवर किती लोक वाळूत बसून होते. त्यापेक्षा लालबागला दुपारी किंवा गिरगावच्या आतल्या रस्त्यावर संध्याकाळी उभं राहून मिरवणूक बघितलेली बरी.

दहीहंडीला हाच नियम सगळ्यात भारी लागू पडतो. गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो, म्हणजे गोपाळकाल्याच्या महिना-दीड महिना आधी. रात्री नऊनंतर, सगळे कामावरून आल्यावर, एखाद्या मैदानात नाहीतर गल्लीच्या तोंडावर. डीजे नाही, सेलिब्रिटी नाही, निवेदकाची किंचाळी नाही. फक्त खालच्या थराचा घाम आणि वरच्या पोराला आवाज देणारा एक माणूस. थर लावणं सगळ्यांना दिसतं, थर उतरवणं ही खरी कला, ते सरावातच कळतं. जोगेश्वरी, दादर, माझगाव, लालबाग कुठेही विचारा, "सराव कुठे असतो?" कोणीही सांगेल. मुलांना घेऊन जायला एकदम बेस्ट, फक्त थराच्या अगदी जवळ उभं राहायचं नाही. प्रत्यक्ष दिवशी जायचंच असेल तर सकाळी दादर आणि दुपारनंतर ठाणे, कारण मोठी पथकं मुंबईतल्या हंड्यांना सलामी देऊन मग ठाण्याकडे सरकतात. २०२५ ला ठाण्यातच दहा थर लागले. टेंभीनाका ठाणे स्टेशनहून चालत आहे, तिथे पाच वाजेपर्यंत एखाद्या दुकानाच्या पायरीची जागा धरा.

नारळी पौर्णिमेला आदल्या दिवशी काही नसतं, त्याच दिवशी दुपारनंतर वरळी कोळीवाड्यात जा. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यानंतरचा हा सण, सोन्याचा नारळ मिरवत बंदरावर नेतात, बायका नऊवारीत आणि अंगभर दागिने, बोटी रंगवून पताका लावलेल्या. गल्ल्या अरुंद आहेत आणि ती लोकांची घरं आहेत, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या आजीच्या तोंडासमोर मोबाईल धरण्याआधी विचारा. विचारलंत तर त्या छान पोज देतात, न विचारता काढलात तर कोळणीचं तोंड काय असतं ते ऐकायला मिळेल, तोही एक अनुभवच म्हणा.

माउंट मेरीची जत्रा सोमवार ते गुरुवार सकाळी. स्टेशनवरून बेस्टच्या खास बस असतात. मेणाचे हात, पाय, घर, बाळ, जे मागायचं त्या आकाराची मेणबत्ती घेऊन लोक वर जातात, सगळ्या धर्माचे, आमच्या शेजारच्या संकष्टीचा उपास करणाऱ्या काकूही दरवर्षी जातात. शनिवार-रविवारी फक्त डोकी दिसतात.

नवरात्रात मुंबईत गरब्याचे पास काढून मैदानात जाणं हा एक प्रकार, त्यावर मी फार बोलत नाही, पास महाग आणि वीकेंडला आत शिरेपर्यंत वेळ संपतो. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सूट देऊ शकतं, त्यातले काही शेवटच्या दिवसांना मिळतात, त्यामुळे कुठल्या रात्री बारापर्यंत आहे ते आधी बघा. त्यापेक्षा टेंभीनाक्याच्या देवीला दुसऱ्या-तिसऱ्या माळेला जा, आनंद दिघेंनी सुरू केलेला उत्सव आहे, आरास दरवर्षी बघण्यासारखी. विरारच्या जीवदानीला नवरात्रात जाणार असाल तर तेराशेच्या वर पायऱ्या आहेत, पहाटे चढा, उन्हात अजिबात नको. बंगाली दुर्गापूजा शिवाजी पार्कला, सप्तमीच्या सकाळी गेलात तर भोग पण मिळू शकतो.

दसऱ्याच्या आदल्या रात्रीची माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे दादरचं फूल मार्केट. पश्चिमेला स्टेशनला लागूनच, मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि बाहेरचा सगळा रस्ता. पहाटे चारला पोचायचं. झेंडूचे डोंगर, आपट्याच्या पानांचे भारे, भाताच्या लोंब्या, पायाखाली चिखल आणि पाकळ्यांचा एकच लगदा. जुन्या चपला घालून जा, पांढरे कपडे नको. भाव पहिल्या माणसाला विचारून लगेच घेऊ नका, आत दोन फेऱ्या मारा, आणि आठनंतर गेलात तर उरलेला माल चढ्या भावात मिळतो. आई म्हणते दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी ते दादरला बघून यावं.

दिवाळीत कंदील बघायला वसुबारसेच्या आधीच माहीमच्या कंदील गल्लीत जा, बनवणारे तिथेच बसलेले असतात, घासाघीस जमते. नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या डोंबिवलीचा फडके रोड. अख्खं तरुण गाव नटूनथटून तिथे, कार्यक्रम असा काही नसतो हो, फक्त भेटायचं, ओळखीचे चेहरे शोधायचे आणि चहा प्यायचा. कित्येकांची लग्नं त्या रस्त्यावर जमली म्हणतात, आमचं नाही जमलं. ठाण्यात तसंच राम मारुती रोड आणि तलावपाळी. सातच्या आत पोचा, नऊला सगळं पांगतं. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा पण डोंबिवलीनेच १९९९ ला सुरू केली, नंतर गिरगाव, ठाणे सगळीकडे पसरली. यात्रा सकाळी असते पण रांगोळ्या आदल्या रात्री घालतात, ठाण्यात गावदेवी मैदानातली मोठी रांगोळी नुकतीच पूर्ण होत असताना बघा, सकाळी तिच्याभोवती सेल्फीची रांग लागलेली असते.

दिवाळी सरली की लोकांना वाटतं आता थेट ख्रिसमस. तसं नाहीये. छठला जुहू चौपाटी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कार्तिकी पौर्णिमेला वाळकेश्वरच्या बाणगंगेवर दिवे, आणि कार्तिक वद्य एकादशीपासून वसईकडे निर्मळची जत्रा, नालासोपारा पश्चिमेहून जायचं. तिथे सुकेळी विकायला येतात, वसईच्या केळ्यांची सुकवलेली, घेताना एक चाखून बघा आणि दोन जुड्या जास्त घ्या कारण नंतर वर्षभर शोधत फिराल.

६ डिसेंबरबद्दल एक स्पष्ट सांगते. दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक बाबासाहेबांना अभिवादन करायला येतात, १९५६ ला त्या दिवशी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. हा सण नाही, तिथे "बघायला" जायचं नसतं. अभिवादनाला जायचं तर ५ ची रात्र किंवा ६ ची पहाट, आणि शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल चुकवू नका, एवढी मराठी वैचारिक पुस्तकं एका जागी वर्षात दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. पिशवी घेऊन जा. ज्यांना त्या दिवशी नुसतंच दादरहून जायचंय त्यांनी परळ किंवा माटुंग्याचा विचार करा.

डिसेंबरातच माहीमचा उरूस, सूफी संत मखदूम अली माहिमींचा, दहा दिवस. पहिला संदल, म्हणजे दर्ग्याला चंदन वाहायची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा असतो, बँड लावून, तो एकदा तरी बघा. बाकी दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन हलवा-पराठा खा, पराठा तव्यावर धान्य पाखडायच्या सुपाएवढा. रमजानची मोहम्मद अली रोडची खाऊगल्ली पण सगळ्यांना शेवटच्या दहा दिवसांतच आठवते. पहिल्या आठवड्यात, सोमवार ते बुधवार, रात्री साडेनऊनंतर जा, मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून मिनारा मशिदीच्या दिशेने चालत राहा, वासच नेतो. पोट रिकामं ठेवा पण पहिल्याच स्टॉलवर भरू नका, मालपुवा आणि फिरनीला जागा लागते.

घरून निघताना एवढं करा: लहान मुलांच्या हातावर पेनाने फोन नंबर लिहा, हरवलो तर भेटायची जागा आधी ठरवा आणि ती "स्टेशनजवळ" अशी मोघम नको, अमुक बँकेच्या दारात अशी. मोबाईल पुढच्या खिशात, दागिने घरी. बायकांनी टॉयलेटची सोय कुठे आहे ते आधीच हेरून ठेवावं, मी सरळ मोठ्या स्टेशनवरच उरकून घेते, मंडपाजवळच्या फिरत्या टॉयलेटचं न बोललेलं बरं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दोनच ठिकाणं, तिसरं नाही.

काळा घोडा जानेवारीअखेर-फेब्रुवारीत, १९९९ पासून चालू आहे, वर्किंग डेला दुपारी जा, शनिवारी संध्याकाळी तिथे कलाकृतीपेक्षा तिच्यासमोर उभे राहिलेले लोकच दिसतात. महाशिवरात्रीला अंबरनाथ, शके ९८२ म्हणजे १०६० सालचं शिलाहारांचं देऊळ, पण कोरीवकाम बघायचं असेल तर यात्रेच्या आठ दिवस आधी सकाळी, तेव्हा देऊळ तुमचं एकट्याचं.

ख्रिसमस मुद्दाम शेवटी ठेवला कारण तिथे माझा नियम उलटा होतो. वांद्रे आणि गिरगावातली खोताची वाडी सगळे २४ च्या संध्याकाळी गाठतात. वसईच्या गावांत नाताळचे गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, त्याच्या नंतर निवांत बघता येतात, गिरीज, पापडी, नंदाखाल, घरोघरी आणि चौकात, गवताच्या पेंढ्या, मातीचे डोंगर, कुठे चक्क चालतं पाणी. ६ जानेवारीला तीन राजांचा सण होईपर्यंत बरेच गोठे उभे असतात. वसई रोडला उतरून पश्चिमेला एसटी स्टँडवरून गावांकडे जाणारी बस नाहीतर रिक्षा, संध्याकाळी सहाला सुरू करा म्हणजे दिवे लागलेले असतात. शेवटच्या रिक्षावाल्याचा नंबर मात्र उतरताना घेऊन ठेवा, नऊनंतर त्या रस्त्याला रिक्षा मिळणं अवघड जातं.